स्वच्छ असेल तो द्या

शाळेतून निवृत्त झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मी गाडी घेतली. एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात. मग ती स्पोर्ट्स कार आहे, दोनच माणसांची आहे, छत कापडाचं आहे आणि वय वर्षं बावीस आहे असं सांगितलं, की डोलणारी मान मध्येच थांबते आणि नजर माझ्या नवऱ्याकडे वळते. नवरा अशा वेळी चष्मा पुसायला घेतो.

मुलीने फोनवर विचारलं, "आई, तुला बरं वाटतंय ना?"

मला अगदी बरं वाटत होतं. एकतीस वर्षं मी मुलांना भौतिकशास्त्र शिकवलं. वेग, त्वरण आणि घर्षण फळ्यावर काढलं आणि घरी आले बसने, तेही बहुतेक वेळा उभ्याने. आता वेग म्हणजे काय असतो ते एकदा स्वतः बसून बघावं असं वाटलं तर त्यात विचारण्यासारखं काय होतं? मुलगी म्हणाली, "आम्ही तिघं आलो की बसायचं कुठे?" मी म्हटलं, "आळीपाळीने."

गाडी गडद हिरवी होती, नाक लांब आणि पाठ आखूड. तिच्यात माणूस बसत नाही, पडतो. उतरताना दार, जवळचा खांब आणि नवरा, यांतलं जे हाताशी असेल ते धरावं लागतं. पण छत उघडून मोकळ्या रस्त्याला लागलं की माझे गुडघे, माझं वय आणि मुलीचा फोन या तिन्हींचा मला विसर पडायचा. पहिला दीड महिना मी हवेत होते.

मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. मी आठवडाभर त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण दिवा फक्त दिवा आहे, असं मी स्वतःला समजावलं. असं उत्तर एखाद्या मुलाने वर्गात दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. आठवड्यानंतर गाडी बंद पडायला लागली. थंड असताना झकास चालायची. तासभर चालून तापली की कुठेही, कशीही, न सांगता बंद. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा चालू, जणू मधे काही झालंच नव्हतं.

आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक गॅरेज आहे. गॅरेजवाला पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, कानामागे पेन्सिल. मी गाडी घेऊन गेले तेव्हा तो बॉनेटमधून डोकं वर काढून म्हणाला, "या, बाई." आणि मी त्याला ओळखलं.

हा तो मुलगा होता. माझं नोकरीचं दुसरंच वर्ष. नव्या मास्तरणीची शिस्त नव्या चपलेसारखी असते, सगळ्यांनाच चावते. दहावीच्या प्रात्यक्षिकाला विजेची घंटा जोडायची होती. बाकीची मुलं तारांत गुंतली होती. हा आला, एक स्क्रू बोटाने जरा दाबला, आणि घंटा वाजली. एका मिनिटात. मी वही उघडून पाहिली तर निरीक्षणांचा तक्ता कोरा. मी त्याला शून्य दिलं. लाल शाईने, वर्तुळ करून. तेव्हा मला तो न्याय वाटला होता. पुढे पुढे, जशी मी शहाणी होत गेले तसं ते शून्य मनात खुपायला लागलं. आणि आता त्याच मुलाच्या पुढ्यात मी बंद पडणारी गाडी घेऊन उभी होते.

मी ठरवलं की विषय काढायचा नाही. त्याला काही आठवत असेल तर त्याने काढावा. आपला जुना हक्क दाखवायला मात्र मी लगेच त्याला अरे-तुरे सुरू केलं.

"काय झालंय बघ रे जरा," मी म्हटलं.

त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "क्रँक सेन्सर. तापला की सिग्नल सोडतो. वरचे दोन कॅम सेन्सर पण मूळचेच दिसतायत. तिन्ही बदलून टाकू. गुरुवारी गाडी सोडून जा."

इथे कुणीही शहाण्या माणसाने बरं म्हटलं असतं.

"क्रँक सेन्सर म्हणजे," मी म्हटलं, "दातेरी चाक फिरतं, त्याचे दात चुंबकाजवळून जातात, आणि इंजिन कुठल्या क्षणी कुठे आहे ते त्यावरून गाडीच्या कंप्यूटरला कळतं. बरोबर?"

"असेल," तो म्हणाला. "काळा असतो. एवढासा."

मी त्याच्याच कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यावर दातेरी चाकाची आकृती काढून दाखवली. नावंही दिली. त्याने हात पुसत पुसत सगळं ऐकून घेतलं.

"बाई, आकृती छान आहे. पण तो स्टार्टरच्या मागे बसवलेला असतो. दिसत नाही. खालून हात घालून चाचपत काढावा लागतो."

"म्हणजे एक बोल्ट आणि एक प्लग. मी करीन."

त्याने पेन्सिल परत कानामागे ठेवली. "कॅमचे दोन तुम्ही करा, ते वरच आहेत. क्रँकचा माझ्याकडे राहू द्या."

हे तो चांगुलपणाने म्हणाला होता हे आज मला कळतं. तेव्हा मला वाटलं, हा मला शून्य देतोय. मी तिन्ही सेन्सर मागवले, पान्यांचा संच आणला, जॅक आणला, गाडी उचलून ठेवायला चार स्टँड आणले, आणि रविवार ठरवला.

रविवारी सकाळी मी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरले ती शाळेतला पांढरा लॅबकोट घालून. नवरा मागे खुर्ची, टॉर्च आणि दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक घेऊन. तो आयुष्यभर ग्रंथपाल होता. पुस्तक आल्या दिवशीच त्याने त्याला प्लॅस्टिकचं कव्हर घातलं होतं. ते होतं परभाषेतलं. तो मनातल्या मनात भाषांतर करून वाचायचा, आणि भाषांतर दर वेळी सरकारी पत्रासारखं व्हायचं.

"'प्रथमतः विद्युतघटाची ऋण तार विलग करावी,'" त्याने वाचलं. "केलीस?"

"केली."

त्याने समासात पेन्सिलीने बरोबरची खूण केली. "'तत्पूर्वी प्रकरण चार अवलोकावे.' अवलोकू का?"

"नको."

"अगं, काहीतरी कारण असेल म्हणूनच लिहिलंय ना त्यांनी."

"अहो, टॉर्च धरा."

पहिला कॅम सेन्सर दहा मिनिटांत निघाला. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, वरच, डोळ्यांसमोर. प्लग काढला, बोल्ट काढला, सेन्सर ओढला, नवा बसवला. दुसऱ्याच्या वेळी प्लगची खिट्टी दाबली तर ती टक् करून तुटून इंजिनात कुठेतरी पडली. बावीस वर्षं इंजिनाजवळ तापून ते प्लॅस्टिक बिस्किटासारखं झालं होतं. मी प्लग बारीक पट्टीने आवळून बांधला आणि ही माझी कल्पकता आहे असं नवऱ्याला सांगितलं. तोवर इमारतीचा वॉचमन येऊन उभा राहिला होता. त्याने काही विचारलं नव्हतं, तरी मी त्याला चुंबकीय क्षेत्र समजावून दिलं.

"मॅडम," तो शेवटी म्हणाला, "गाडी नीट होईल ना? नाही म्हणजे, संध्याकाळी इथून टँकर आत येतो."

मग क्रँक सेन्सर. गाडी स्टँडवर चढवली. खाली पुठ्ठा अंथरला. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने गाडीखाली शिरणं ही एकच क्रिया नसते, तो एक कार्यक्रम असतो. आधी बसायचं, मग कलायचं, मग थोडा वेळ आपण हे का करतोय याचा विचार करायचा, मग सरपटायचं. आत गेल्यावर मी डावा हात वर घातला. स्टार्टर लागला. त्याच्या मागे बोटं वळवली, तर बोल्टचं डोकं लागलं. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो शाळेत उत्तम शिक्षिकेची ढाल मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

बोल्ट एका वेळी पाव फेरा फिरत होता, कारण पान्याला हलायला तेवढीच जागा होती. चाळीस मिनिटं लागली. दोनदा पाना तोंडावर पडला. नवरा दर पाच मिनिटांनी "'हलक्या हाताने' असं म्हटलंय," एवढं सांगत होता. शेवटी सेन्सर हातात आला. काळा, तेलकट, अंगठ्याएवढा. मी बाहेर आले आणि तो वॉचमनला दाखवला. त्याने मान हलवली.

आता मी काय केलं ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एकतीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळल्यामुळे मला मळकी वस्तू बघवत नाही. मी तो जुना सेन्सर रॉकेलमध्ये बुडवला आणि जुन्या टूथब्रशने घासून लख्ख केला. त्याचं टोक बघायचं होतं म्हणून, असं मी तेव्हा म्हटलं. मग नवा सेन्सर खोक्यातून काढून, त्याच काळ्या हातांनी, दोन्हींची लांबी जुळवून पाहिली. जुळली. दोन्ही नवऱ्याच्या शेजारी ट्रेमध्ये ठेवले आणि फडकं घेऊन सेन्सरची बैठक पुसायला पुन्हा गाडीखाली गेले.

बैठक पुसली. हात मागे घेतला. हात आला नाही.

माझ्या मनगटावर घड्याळ होतं, निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेलं, धातूच्या पट्ट्याचं. तो पट्टा वायरी धरून ठेवणाऱ्या एका चिमट्यात अडकला होता. ओढलं की सगळा वायरींचा झुबका सोबत यायचा. दुसरा हात तिथवर पोचत नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "माझा हात अडकलाय."

पानं चाळल्याचा आवाज आला. "याबद्दल पुस्तकात काही नाही," तो म्हणाला.

पंधरा मिनिटं आम्ही उपाय केले. वॉचमनने साबणाचं पाणी सुचवलं. दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं बाहेर निघालं होतं, ते थांबलं. मला त्यांचे फक्त बूट दिसत होते. बूट म्हणाले, "बाई आहेत का खाली?" नवरा म्हणाला, "हो, काम चालू आहे." त्या उत्तराबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी राहीन. मग मात्र मी हात टेकले, म्हणजे जो मोकळा होता तो, आणि गॅरेजवाल्याला फोन लावायला सांगितलं.

तो आला सुट्टीच्या कपड्यांत, इस्त्रीचा शर्ट घालून. काही न विचारता पुठ्ठ्यावर माझ्या शेजारी आडवा झाला.

"बाई, बोटं सैल सोडा."

"सैलच आहेत."

"नाहीत. हात लाकडासारखा ताठ आहे. सगळा सोडून द्या."

मी सोडला. त्याने दोन बोटं कुठेतरी घातली, घड्याळाची कडी उघडली, आणि माझा हात आपोआप खाली आला. घड्याळ त्याने मागाहून काढून नवऱ्याकडे दिलं. त्याच्या शर्टाच्या पाठीवर पुठ्ठ्याची धूळ आणि बाहीवर तेलाचा पट्टा.

"आता राहिलेलं मी लावून देतो," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम."

"नको," मी म्हटलं. "रविवार आहे. तुझी माणसं वाट बघत असतील."

खरं कारण ते नव्हतं. ज्याला मी शून्य दिलं त्याच्याकडून एका दिवसात दोनदा उपकार घ्यायची माझी तयारी नव्हती. तो "रबरी कड्याला तेलाचा थेंब लावा" एवढं सांगून गेला.

मी पुन्हा आत गेले, वरती हात घातला आणि दुसरा हात बाहेर पसरला. "सेन्सर द्या."

"कुठला?" नवऱ्याने विचारलं.

"अहो, कुठला काय? स्वच्छ असेल तो द्या."

त्याने स्वच्छ असेल तो दिला.

गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. पिवळा दिवा गेला होता. बॅटरीची तार काढली की तो काही काळ जातोच, हे मला नंतर कळलं. नवऱ्याने उरलेला तेलकट सेन्सर खोक्यात घातला, वर कागद चिकटवला आणि आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, "जुना." खाली तारीख.

पुढचे तीन दिवस मी जगाला छळलं. मुलीला फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, हात अडकल्याचं वगळून. दातांच्या डॉक्टरकडे गेले होते, तिथे तोंडात यंत्र असतानाही सांगायचा प्रयत्न केला. सोमवारी तर मुद्दाम गॅरेजमध्ये गेले.

"काही नसतं रे," मी गॅरेजवाल्याला म्हटलं. "मुळातलं तत्त्व समजलं की सगळं सोपं असतं."

पंचवीसेक वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं. तो "हो, बाई" म्हणाला आणि पुन्हा बॉनेटमध्ये शिरला.

गुरुवारी मी नवऱ्याला फिरायला नेलं. छान ऊन होतं, छत उघडं. तासभर भटकून परतताना वाटेत सहज शाळा लागली. सहज म्हणजे दोनदा डावीकडे वळलं आणि एका एकेरी रस्त्याला वळसा घातला की लागते. मधली सुट्टी चालू होती. मी गाडी हळू केली, म्हणजे बघणाऱ्यांना नीट बघता यावं. मुलं कुंपणाला येऊन चिकटली. क्रीडाशिक्षकाने हात वर केला. मी भोंगा वाजवला, आणि गाडी बंद पडली. बरोबर फाटकात. मागे शाळेची बस.

मी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. कुंपणापलीकडून एका मुलाने विचारलं, "टीचर, संपलं का पेट्रोल?" बसवाल्याने भोंगा वाजवला. शेवटी क्रीडाशिक्षक, दोन शिपाई आणि स्वतः मुख्याध्यापिका असे चौघे गाडी ढकलायला आले. याच मुख्याध्यापिकेने माझ्या निरोप समारंभात भाषण केलं होतं की बाईंनी शाळेला गती दिली. नवरा म्हणाला, "मी उतरतो, तेवढंच वजन कमी." त्याने तीनदा प्रयत्न केला, पण धरायला खांब नव्हता. मग तोही बसून राहिला, आणि आम्हा दोघांना ढकलत नेऊन झाडाखाली लावण्यात आलं. मी समोर बघत राहिले. आरशात मुख्याध्यापिका दिसत होत्या, त्या हसत नव्हत्या. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. मी ती सरळ गॅरेजला नेली.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला. "क्रँक सेन्सर," तो म्हणाला. "तापला की सिग्नल सोडतो."

"नवीन आहे," मी म्हटलं. "तूच बघितलंस."

"हात अडकलेला बघितला. सेन्सर लावताना नाही बघितलं." त्याने थोडा विचार केला. "काढलेला ठेवलाय का?"

"अर्थातच," नवरा म्हणाला आणि तो आणायला चालत घरी गेला.

आम्ही दोघं उरलो. गॅरेजवाल्याने मला एक स्टूल दिलं. शाळेच्या फाटकात माझी जेवढी अब्रू जायची तेवढी गेली होती, आता राखायला काही उरलं नव्हतं. अशा वेळी माणसाला खरं बोलायची हुक्की येते.

"एक सांगायचं होतं," मी म्हटलं. "तुला मी प्रात्यक्षिकात शून्य दिलं होतं. विजेची घंटा. तू ती एका मिनिटात वाजवलीस आणि मी वही कोरी म्हणून शून्य दिलं. ते माझं चुकलं. इतकी वर्षं मनात आहे. आज सांगून टाकते."

तो पाना हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. "मला?"

"दहावीला. मागून दुसरा बाक."

"बाई," तो हळूच म्हणाला, "मी तुमच्या शाळेत नव्हतो. मी आजोळी शिकलो. मामाचं गॅरेज होतं तिथे. तुमच्याकडे होता तो माझा मोठा भाऊ. चेहरा सारखाच आहे आमचा."

मी स्टूल जरा मागे सरकवलं. "मग तू मला बाई का म्हणतोस?"

"सगळेच म्हणतात."

म्हणजे इतके दिवस मी एका पूर्ण अनोळखी, पंचेचाळीस वर्षांच्या गृहस्थांना अरे-तुरे करत होते, त्यांच्या कानामागची पेन्सिल मागत होते, आणि ते माझ्यावर सूड उगवतायत असं समजून त्यांची मदत नाकारत होते. त्यांनी मात्र त्या शून्याबद्दल काहीच ऐकलेलं नव्हतं.

"भाऊ काय करतात तुमचे?" मी विचारलं. 'तुमचे' म्हणताना जीभ अडखळली.

"कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो." त्याने पाना खाली ठेवला. "फार कडक आहे म्हणतात. शून्यं देतो."

"त्या घंटेबद्दल कधी काही बोलले का?"

"शून्य मिळाल्यावर घरी कोण सांगतं? आणि बाई, तू-च म्हणा. आता मधेच बदललंत तर मला चुकल्यासारखं होईल."

तेवढ्यात नवरा खोकं घेऊन आला. त्याने ते टेबलावर असं ठेवलं की "जुना" ही अक्षरं गॅरेजवाल्याच्या बाजूला यावीत. गॅरेजवाल्याने सेन्सर काढला, अंगठ्याने त्यावरचं तेल पुसलं आणि उजेडाकडे धरला. बारीक अक्षरात साल छापलं होतं. गेल्या वर्षीचं.

"जुना फारच तरुण आहे," तो म्हणाला.

आम्हाला दोघांना ते एकाच वेळी कळलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने चष्मा काढला.

"तू म्हणालीस, स्वच्छ असेल तो द्या," तो म्हणाला. "मी दिला."

"मला नवा म्हणायचं होतं."

"नवा म्हणाली असतीस तर मी नवा दिला असता."

चूक माझी होती हे तर दिसतच होतं. पण त्याचं दुःख निराळं होतं. तीस वर्षांत त्याने एकाही पुस्तकावर चुकीची चिठ्ठी लावली नव्हती. त्याने गॅरेजवाल्याची पेन्सिल मागून घेतली, "जुना" खोडलं, वर "नवा" लिहिलं, आणि शेजारी आपली छोटी सही केली.

गॅरेजवाला हसला नाही. तो पाठ वळवून आत गेला, पण त्याचे खांदे जरा हलताना दिसले. परत आला तेव्हा चेहरा सरळ होता. "गाडी निवू द्या," तो म्हणाला. "मग रॅम्पवर घेऊ. तुम्हीच लावा."

"मी?"

"बोल्ट कुठे आहे ते तुमच्या हाताला माहीत आहे आता. माझ्या माणसाला पहिल्यापासून चाचपावं लागेल."

चहा झाला, गाडी निवली. रॅम्पवर गाडी डोक्यावर गेली आणि मला कळलं की जे काम मी आडवं पडून, तोंडावर पाने झेलत केलं होतं ते माणसं ताठ उभं राहून करतात. अंगठ्या, घड्याळ, सगळं आधी काढायला लावलं त्याने. मग चिकटपट्टीचा तुकडा दिला. "जुना बाहेर आला की हातातून खाली ठेवण्याआधी ही लावायची. मग धुवा हवा तेवढा."

मी लावली. निरीक्षणांचा तक्ता म्हणतात तो हाच, हे त्याला सांगायचा मोह मी आवरला. त्याने उजेड धरला आणि तोंड मिटून उभा राहिला. एकदाच म्हणाला, "उलट फिरवताय." अठरा मिनिटांत नवा सेन्सर जागेवर बसला. शेवटचा आवळायचा हात मात्र त्याने स्वतः मारून पाहिला, आणि बोल्ट आणखी अर्धा फेरा आत गेला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, एवढी त्याची सभ्यता.

रविवारी आम्ही गावाबाहेरच्या डोंगराच्या रस्त्याने निघालो. मुलीला सांगितलं नाही, शाळेचा रस्ता धरला नाही. तास झाला, सव्वा झाला. तापमानाची सुई मधोमध. पहिल्यांदा तापली होती तेवढी गाडी तापली आणि चालत राहिली. चढावर मी कान देऊन बसले होते, नवरा दाराची मूठ धरून बसला होता. वर पोचल्यावर मी स्वतःहून इंजिन बंद केलं, आणि मुद्दाम लगेच पुन्हा सुरू केलं. झालं. परत बंद केलं.

खाली दरी होती, वारा होता. नवरा म्हणाला, "परतताना मी चालवू का?"

इतक्या महिन्यांत त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, त्याला गाडी आवडत नाही.

"विचारलं का नाही आधी?" मी म्हटलं.

"तू इतकी खुशीत असायचीस."

आम्ही जागा बदलल्या. त्यात दहा मिनिटं गेली आणि एक दगड आधाराला घ्यावा लागला. त्याने आरसे लावून घेतले, सीट लावून घेतली, चष्मा पुसला आणि उताराला लागला तो दुसऱ्या गिअरमध्ये. रस्त्यावरची प्रत्येक पाटी तो मोठ्याने वाचत होता. "'वळण धोक्याचे.' 'दगड कोसळण्याची शक्यता.'" वारा केसांत शिरत होता असं म्हणण्याइतका वेग नव्हता, पण ऊन होतं. मी काहीही शिकवलं नाही.

तिसऱ्या वळणावर एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला.

"घाईत दिसतोय," नवरा म्हणाला.